फुमी आजींच्या घरचं माणूस

१९ जानेवारी

"तुमच्या गावाला समुद्र नाही, मग सकाळी उठून तुम्ही बघता कुठे?" फुमी आजींनी आज नाश्त्याच्या वेळी विचारलं.   भडगावजवळच्या आमच्या खेड्यात सकाळी उठून आई चुलीकडे बघते, आबा आभाळाकडे, मी मोबाइलकडे. गिरणा नदी आहे, पण तिच्याकडे उठल्याउठल्या कोण बघतं? धरणाचं पाणी सोडलं तरच. शेवटी म्हटलं, "रस्त्याकडे बघतो."

"रस्त्यावर काय येतं?"

"म्हशी."

आजींना हे पटलं. "मग ठीक. काहीतरी यायला हवं."

जपानच्या या वृद्धाश्रमात मला दोन वर्षं होतील मार्चअखेर. जळगावच्या क्लासमध्ये जपानी शिकताना वाटायचं, उत्तरं पाठ केली की झालं. असले प्रश्न पुस्तकात नव्हते.

२४ जानेवारी

तीन दिवस वारा. समुद्राला फेस येतो आणि वारा तो उचलून थेट रस्त्यावर आणतो. पांढरे पुंजके घरांच्या काळ्या कौलांवर, तारांवर, माझ्या टोपीवर. हातात घेतला तर चिकट, खारट. इथले लोक याला लाटांची फुलं म्हणतात. मला दिसलं ते जिनिंगचं आवार, कापूस उतरवताना उडतो तसं.

आबांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन. "हाई कोनतं जिनिंग शे?"

समुद्र आहे म्हटलं तर त्यांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "एवढा वाया जाय ऱ्हायना?"

३ फेब्रुवारी

आज सेत्सुबुन. हिवाळा संपल्याचा सण, पण बाहेर बर्फ आहे. भाजलेले सोयाबीन फेकून राक्षसाला बाहेर घालवायचं. राक्षस म्हणजे आमचे स्वयंपाकी, लाल मुखवटा लावून. आज्यांनी त्यांना मनापासून बडवलं. फुमी आजींनी मात्र मूठ राखून ठेवली आणि एकेक दाणा खात बसल्या. अगदी फुटाणे. मीही खाल्ले, दुपारभर.

त्यांची खुर्ची खिडकीशी लावायची असते, हे इथे सगळ्यांना माहीत. खिडकीतून खालची खाडी दिसते, बेटावरचं छोटं देऊळ आणि त्याच्या अलीकडे एक काळा खडक. खडक पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा आहे, पाठ आणि थोडं डोकं वर. मी त्याला बसकी म्हैस म्हणते. आज आजींना सांगितलं.

"ती आमच्या घरची जागा आहे," त्या म्हणाल्या. "माझी सासू तिच्यावर उभी राहायची, मग मी."

"आता कोण?"

आजींनी एक दाणा चावला. 

८ फेब्रुवारी

सारिकाचा फोन, तासभर. आम्ही दोघी जळगावच्या क्लासमध्ये एका बाकावर होतो, ती धुळ्याची. आता ती शहरातल्या मोठ्या वृद्धाश्रमात आहे. तिथे दोन जागा निघाल्यात. काळजी-सेविकेच्या सरकारी परीक्षेचे वर्ग तिथे कामाच्या वेळातच घेतात. तिच्या शेजारची खोली रिकामी आहे. मराठी पोरी पाच-सहा. रविवारी मिळून शेवभाजी करतात.

"तू तिथे एकटी काय करतेस? घारींशी बोलतेस?"

घारींचं खरं आहे. इथल्या घारी हातातला पाव पळवतात. दोनदा माझा नेला.

मार्चअखेर माझा करार संपतो. मी "हो, येते" म्हटलं. म्हणजे जवळजवळ म्हटलं. परीक्षा पास व्हायची तर तिथेच जायला पाहिजे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पुढचं शिक्षण मी अर्धं सोडलं तर मागून येणाऱ्या मामे-चुलत बहिणींना काय सांगू?

१५ फेब्रुवारी

रात्रभर वादळ होतं, सकाळी स्वच्छ. सुट्टी. किनाऱ्यावर फिरायला गेले तर वाळूवर वाकामे पडलेला, ढीगच्या ढीग. हा समुद्रातला पाला, तपकिरी, लांब. गरम पाण्यात टाकला की हिरवागार होतो. रोज सूपमध्ये असतो. आजींना बाजारचा आवडत नाही, "यात समुद्र नाही" म्हणतात.

पडलेलं वेचायचं, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. भुईमूग निघाला की आम्ही पोरी सरव्याला जायचो. मातीत राहिलेल्या शेंगा ज्याला सापडतील त्याच्या. ओढणीचा ओचा करून आणायचो. आज जॅकेटचा केला. कर्मचारी वसतिगृहाच्या कठड्यावर दोरी बांधून सगळा वाळत घातला. आईचे बिबडे, ज्वारीचे पापड, गच्चीवर वाळतात तशी रांग. खूप छान वाटलं. एक ओला तुकडा धुऊन आजींसाठी वेगळा ठेवला.

१६ फेब्रुवारी

आजींनी तुकडा पाहिला, हातात घेतला, वास घेतला. डोळे मिटले. मग मला परत दिला.

"किनारा उघडला नाही अजून."

मला कळलं नाही.

दुपारी नाकाई-सान आले. किनाऱ्याचं सगळं तेच बघतात, गावात त्यांचा शब्द चालतो. सत्तरीचे, गमबूट, अंगाला डिझेलचा वास. वसतिगृहाच्या खाली उभे राहून माझ्या दोरीकडे बराच वेळ बघत राहिले. मी वरून नमस्कार केला. ते म्हणाले, "छान वाळतंय." आणि गेले.

मी खूश होऊन आमच्या मुख्य बाई ओता-सान यांना सांगितलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. "हारी-सान" (हर्षाली त्यांना झेपत नाही), "ते कौतुक नव्हतं."

मग समजावलं. वाकामेचा एक दिवस ठरतो. त्या दिवशी सकाळी देवळापाशी झेंडा चढतो आणि मगच सगळी घरं एकदम पाण्यात उतरतात. त्याआधी कोणी पात्यालाही हात लावायचा नाही. वाळूवर पडलेलाही नाही, कारण पडलेला कोणता आणि तोडून टाकलेला कोणता हे कोण बघायला गेलं? वर्षानुवर्षं कोणी मोडलेलं नाही.

आणि मी तो रस्त्यावरून दिसेल असा वाळत घातला.

१७ फेब्रुवारी

आईला सांगितलं. वाटलं, ती तरी माझ्या बाजूने बोलेल.

"पीक उभं शे आन तू सरवा येचाले गयी?"

 खरंच की. शेंगा निघण्याआधी कोणी वावरात शिरलं असतं तर आबांनी काय केलं असतं? सरवा मालक बांधावरून गेल्यावर. एवढं मला कळायला हवं होतं. मला समुद्राला मालक आहे असंच वाटलं नव्हतं.

"मंग जाय, माफी मांग. रिकामा हाते जाऊ नको."

१८ फेब्रुवारी

रिकाम्या हाताने गेले नाही. आईने दिवाळीत पाठवलेले ज्वारीचे बिबडे तळले, डबा भरून नेला. दुसऱ्या हातात वाकामेची पिशवी.

नाकाई-सान जाळं शिवत होते. मी पाठ केलेलं माफीचं वाक्य म्हटलं, कमरेत वाकून, जितकं वाकता येईल तितकं. ते उठले, म्हणाले, "चला." धक्क्याच्या टोकाशी गेलो. मी पिशवी पाण्यात रिकामी केली. वाळलेला पाला पाण्यात पडताच पुन्हा मऊ होऊन पसरला, जणू काही झालंच नव्हतं.

परत आलो तर त्यांच्या बायकोने डबा उघडून अर्धे बिबडे संपवले होते. "हे कोणत्या माशाचं?" ज्वारीचं म्हटलं. ज्वारी म्हणजे काय ते समजावायला भिंतीवरच्या कॅलेंडरवर कणीस काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, हे बिअरबरोबर फार छान. आबांना हे सांगणार नाही.

निघताना नाकाई-साननी विचारलं, "कोणासाठी वेचलं होतं?"

"फुमी आजींसाठी."

त्यांनी खाडीकडे बघितलं. बसक्या म्हशीकडे. मग जे सांगितलं ते असं: प्रत्येक राहत्या घराची खडकावर एक जागा. किनारा उघडतो त्या दिवशी त्या घरचं माणूस तिथे उभं राहिलं पाहिजे. सलग तीन वर्षं कोणी आलं नाही, तर घर बंद धरायचं आणि जागा वाटपात जाते. फुमी आजी आमच्याकडे आल्यापासून दोन वसंत गेले. मुलगा शहरात, येत नाही.

"मग यंदा?"

"यंदा तिसरं." आणि पुन्हा जाळ्याशी बसले.

२१ फेब्रुवारी

आजींना हे सगळं माहीत आहे.  खुर्ची आता खिडकीच्या अजून जवळ लावायला सांगतात. काल काच कपाळाला लागत होती.

मी सकाळी अंघोळ घालताना विचारलं, "आजी, घरचं माणूस म्हणजे कोण? रक्ताचंच लागतं?"

"मी कुठे रक्ताची होते? मी डोंगरापलीकडून आले लग्न होऊन. पोहता येत नव्हतं. सासूने पहिल्या दिवशी ढकललंच."

"मग काय लागतं?"

"त्या घरात झोपून उठावं लागतं." थोडं थांबून, "पाठ नीट घास, नुसतं पाणी नको फिरवू."

१ मार्च

फुमी आजींनी आज मला कापायला शिकवलं. लांब बांबूला टोकाशी विळा. बांबू नाही म्हणून पोछ्याची काठी, वाकामे म्हणून अंघोळीचे टॉवेल. कॉरिडॉरमध्ये टॉवेल टाकून त्या व्हीलचेअरवरून सूचना देत होत्या, बाकीच्या आज्या प्रेक्षक.

मी ज्वारी कापते तशी बुडाशी धरून कापायला गेले.

"अगं, मुळासकट? पुढच्या वर्षी काय खाशील, दगड?"

पाण्यात पाला आपल्याकडे ओढून घ्यायचा नाही, लाट स्वतः आणते. लाट मागे जाताना कापायचं, पुढे येताना पाय रोवायचे. बुडखा खडकावर राहू द्यायचा. मी टॉवेल पाचव्या-सहाव्या वेळी बरा कापला. खोली तीनच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या आणि मग विचारलं, ही मुलगी कोणाच्या घरची?

 फुमी आजी टॉवेलची घडी करत राहिल्या, वाकामेची जुडी बांधतात तशी.

३ मार्च

हिना बाहुल्या मांडल्या, लाल पायऱ्यांवर. राजा, राणी, दासी. मुलींचा सण. आज्या सगळ्या मुली झाल्या होत्या. गोड पांढरी साके, म्हणजे तांदळाची दारू. मी नुसती तोंडाला लावली. (आबा, नुसती.)

९ मार्च

सुट्टीत आजींच्या घरी गेले. ओता-साननी किल्ली दिली, खिडक्या उघडून हवा लागू द्यायला. आजी त्यांना अधूनमधून सांगत असतातच.

घर बंदराच्या वरच्या गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की छत्री तिरकी करावी लागते. समुद्राकडच्या बाजूला बांबूचं उंच कुंपण, वाऱ्यासाठी. दाराशी एक दगड आहे, कमरेएवढा. त्यावर कोरलंय की फार पूर्वी लाट इथपर्यंत आली होती, याच्या खाली घर बांधू नका. आजींचं घर त्या दगडाच्या वर, जेमतेम.

आत गंध जुन्या चटयांचा, रॉकेलचा. देवघराच्या कोनाड्यात आजोबांचा फोटो. मागच्या भिंतीला टेकवलेला विळ्याचा बांबू, गंजलेला. मी खिडक्या उघडल्या. तास-दोन तास झाडलं. झाडता झाडता लक्षात आलं की गाणं गुणगुणतेय.

शेजारच्या आजी कुंपणावरून डोकावल्या. "कोण आहे म्हणून पाहिलं. आवाज आला बऱ्याच दिवसांनी."

पाच वाजता गावाच्या भोंग्यावर संध्याकाळची धून लागली. इथे रोज लागते, मुलांनी घरी जावं म्हणून. मला उठवेना.

१३ मार्च

शहरात येण्याऐवजी आजींच्या घरी राहायला जावंसं वाटतंय म्हटलं तर सारिका चिडली. "तू येडी शे का? आजी तुझी कोण लागते? उद्या ती नसली तर तू त्या गल्लीत काय करशील?"

तिचं चुकलेलं नाही. मी माझं मन तिला नीट सांगू शकले नाही. इथे लिहिते.

कानबाईच्या रोटाला (श्रावणातला देवीचा सण) आमच्याकडे भाऊबंद जमतात, आणि घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठ-मूठ गहू घेतात. शहरात असलेल्या काकांचा, पाळण्यातल्या पोराचासुद्धा. मी लहानपणी हात पुढे केला होता, माझीही मूठ घ्या म्हणून. काकू हसल्या. "तुनी मूठ तुना सासरले." वाईट कोणी बोललं नव्हतं. पण तेव्हापासून मला एक जाणवत आलंय की मी कुठे धरली जाते ते दुसरं कोणीतरी ठरवणार. बी.ए. झाले, तरी.

इथला नियम आजी सांगतात तो साधा आहे: त्या घरात झोपून उठावं लागतं. हे मला करता येईल. दुसऱ्या कोणाच्या नावाने नाही.

परीक्षेचं काय, हे मात्र खरं. वर्ग इथे नाहीत. एकटीने अभ्यास करावा लागेल आणि एकदा नापास होण्याची तयारी ठेवावी लागेल.

१६ मार्च

आजींच्या घरात राहायला जाऊ का, हे विचारलं तर ओता-साननी बसवून घेतलं. त्या कडक नाहीत, पण नियमाच्या आहेत. "कर्मचाऱ्याने इथे राहणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही, घर तर नाहीच. मुलगा आला पाहिजे, त्याने समोर बसून सांगितलं पाहिजे, आणि फुमी-साननीही, माझ्यासमोर."

मी म्हटलं बरोबर आहे. खरंच बरोबर आहे. मला उलट बरं वाटलं.

मग त्यांनी चहा ओतला. "शहरातली जागा चांगली आहे. मी तुला शिफारस दिली असती, हे माहीत असू दे."

२० मार्च

दिवसरात्र सारखे होतात त्या सुमारास इथे पितरांचे दिवस. थडग्यांवर फुलं, आणि ओहागी म्हणजे भाताचा गोळा, वरून गोड पुरण. पुरण आत घालायचं सोडून बाहेर लावलंय, एवढंच. मी चार खाल्ले.

फुमी आजींचा मुलगा आला. साठीचा, दमलेला. थडगं धुऊन आमच्याकडे आला, आईसमोर बसला. ओता-सान, मी. त्याला आधीच फोनवर कळलं होतं.

त्याने आईला विचारलं, "तुला खरंच तिथे कोणी राहायला हवंय?"

"छप्पर रडायला लागलंय," आजी म्हणाल्या. "मला नको. छपराला हवं."

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही किती वर्षं राहाल?"

खोटं सांगता आलं असतं. म्हटलं, "एक वर्षाचं नक्की सांगते. पुढचं व्हिसावर आणि परीक्षेवर आहे."

तो थोडा वेळ चहाचा पेला फिरवत राहिला. "मी तर एक दिवसाचंही सांगितलेलं नाही." मग ओता-सान यांना म्हणाला, "माझी हरकत नाही. लिहून देतो."

आजींनी त्याच्या हातावर ओहागीचा एक गोळा ठेवला. तो लहान मुलासारखा खात बसला. जाताना दाराशी मला म्हणाला, खडकाच्या डाव्या बाजूला पाय ठेवू नका, शेवाळ आहे, मी लहानपणी पडलोय.

२२ मार्च

आईला सांगितलं. आखाजीला, अक्षय तृतीयेला, येणं होणार नाही, तेव्हा किनारा उघडलेला असेल.  मागून आबांचा ट्रॅक्टर ऐकू येत होता.

"दुसराना घरमा दिवा लावाले चालनी तू. आन आठे बठ्ठ्या पोरी येतीस, झोका बांधाई जाई, मी कोनकडे देखू?"

मला रडू आलं. तिलाही. मग तिने विचारलं की त्या घराला चूल कशाची आहे, आणि पाणी नळाचं आहे का, आणि आजीला दात आहेत का. दात आहेत म्हटल्यावर म्हणाली, "मंग कळणानं पीठ धाडस. भाकर करी खावाड तिले."

हा होकार आहे की नाही, मला कळलेलं नाही.

२५ मार्च

नाकाई-सान धक्क्यावर भेटले. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, जाळ्यातली गाठ सोडवत.

"परदेशी माणूस घरचं धरायचं का, हे याआधी कधी विचारायची वेळ आली नाही. गावाच्या बैठकीत ठेवीन. दोघे-तिघे नको म्हणतील."

"तुम्ही?"

"मी त्या दिवशी म्हटलंच होतं, छान वाळतंय." आणि हसले. यावेळी खरं हसू होतं, असं मला वाटतं. इथे नक्की सांगता येत नाही.

विचारलं, आजींच्या घरी राहायला जायला बैठक होईपर्यंत थांबू का?

"ते तुम्ही ठरवा. बैठक विचारते तेव्हा घर राहतं आहे की नाही, तेवढंच बघते."

२६ मार्च

दिवसभर हेच. बैठकीने नाही म्हटलं तर शहरातली जागाही गेलेली असेल आणि खडकही. मग माझ्या हाती काय? एक थंड घर आणि एक वर्ष. संध्याकाळपर्यंत हे दोनदा लिहून खोडलं. तिसऱ्यांदा लिहिताना लक्षात आलं, मला त्या घराची भीती वाटत नाहीये. उलट पडदे कोणते लावायचे याचा विचार चाललाय.

आजींना बैठकीचं अजून काही सांगितलं नाही. उगाच आशा नको.

२९ मार्च

काल सामान नेलं. ओता-साननी आश्रमाची गाडी दिली, स्वयंपाक्यांनी (राक्षसांनी) गादी उचलली. शेजारच्या आजींनी स्टोव्ह पेटवून दाखवला. मला वाटलं होतं मला येतो, येत नव्हता. त्यांनी मुळ्याचं लोणचं दिलं. मी भरीत केलं, इथली वांगी बोटाएवढी, भाजायला चिमटा लागतो. त्यांना तिखट लागलं, तरी वाटी पुसून खाल्ली.

आज सकाळी जाग आली ती बांबूच्या कुंपणातून वारा शिटी वाजवत होता म्हणून. उठून शटर वर केलं. खाली खाडी, नावा, धुकं. बसक्या म्हशीवर एक बगळा उभा.

३१ मार्च

सकाळी आश्रमाच्या वर्षभराच्या नव्या करारावर सही केली. दुपारच्या सुट्टीत नगर कार्यालयात जाऊन पत्ता बदलला. खिडकीवरच्या बाईंनी माझ्या रहिवासी कार्डाच्या मागे नवा पत्ता छापून दिला आणि विचारलं, "फुमी-सानच्या घरी? बरं झालं." तिथूनच शहरातल्या जागेला नकार कळवला, मग सारिकाला. तिने एकच शब्द पाठवला: येडी. नंतर दहा मिनिटांनी दुसरा मेसेज: रविवारची शेवभाजी डब्यात भरून कुरिअरने पाठवता येते का, ते विचारतेय.

आश्रमात परत येऊन आजींना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, पत्ता बोटाने वाचला, हळू, घर क्रमांकापर्यंत.  मग खुर्ची खिडकीपासून थोडी मागे घ्यायला सांगितली.

"काच गार लागते," म्हणाल्या. "आणि स्वयंपाकघरातल्या मोरीचं झाकण रोज लावत जा. खेकडे येतात."

बैठक येत्या रविवारी आहे.